परवाना एका देशाचा, पासपोर्ट दुसऱ्या देशाचा : परदेशी विमान कंपनीत वैमानिक व्हायचे असेल तर

कन्हेरीच्या शिवारात उभे राहून वर पाहिले की बऱ्याचदा एखादे छोटे विमान घिरट्या घालताना दिसते. बारामती एमआयडीसीलगतच्या विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण चालते. शिकाऊ मुले-मुली उडतात, उतरतात, पुन्हा उडतात. कन्हेरी, काटेवाडीपासून इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरपर्यंत उसाच्या रानात वाढलेल्या पोरांना हा आवाज आता नवा नाही. नवा आहे तो त्यांचा प्रश्न : आपल्याला हे जमेल का? आणि जमले तर दुबईच्या, अमेरिकेच्या कंपनीत नोकरी मिळेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. जमते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, धडधाकट शरीर, चांगले इंग्रजी, अभ्यासाची तयारी आणि पैसा एवढे लागते. यातला शेवटचा शब्द सर्वांत जड आहे, त्याकडे आम्ही पुढे येऊ.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ नाही, आणि नेमके तिथेच आपल्या समाजातील कुटुंबे फसू शकतात. "परदेशात ट्रेनिंग घ्या, तिथेच नोकरी लागते" असे सांगणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या एका वाक्यावर घर गहाण पडते, जमीन जाते. म्हणून हा विषय आम्ही मुळापासून मांडत आहोत.

दोन दारे, दोन किल्ल्या

परदेशी कंपनीचे विमान चालवायचे असेल तर दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. पहिली, विमान चालवण्याची. ती त्या देशाचे विमान वाहतूक खाते देते. दुसरी, त्या देशात राहून काम करण्याची. ती त्या देशाचे व्हिसा आणि नागरिकत्वाचे कायदे ठरवतात. पहिली किल्ली मिळाली म्हणून दुसरे दार उघडत नाही. अमेरिकेचा वैमानिक परवाना भारतीय नागरिकाला मिळू शकतो, पण तो परवाना दाखवून अमेरिकेत नोकरी करता येत नाही. ही एक ओळ नीट समजली तरी अनेकांचे लाखो रुपये वाचतील.

परवाना विमानाच्या देशाचा का लागतो?

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. आजही जगभरची विमाने त्याच चौकटीत उडतात. या कराराच्या ३२व्या कलमानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाच्या वैमानिकाकडे, ते विमान ज्या देशात नोंदलेले आहे त्या देशाने दिलेला किंवा त्या देशाने ग्राह्य मानलेला परवाना असावा लागतो. मोटारीला जशी नंबर प्लेट, तशी प्रत्येक विमानाला देशाची नोंदणी असते. भारतीय विमानाची नोंदणी 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होते, संयुक्त अरब अमिरातीची 'ए सिक्स'ने, अमेरिकेची 'एन'ने.

म्हणजे भारताच्या डीजीसीएचा परवाना घेऊन दुबईला गेलेला वैमानिक तिथले विमान थेट उडवू शकत नाही. त्याचा भारतीय परवाना तिथले खाते तपासून काही काळापुरता मान्य करते, किंवा त्याला तिथल्या परीक्षा आणि चाचण्या देऊन नवा परवाना घ्यावा लागतो. पहिल्या प्रकाराला व्हॅलिडेशन म्हणतात, दुसऱ्याला कन्व्हर्जन.

परवान्यावरचा विश्वास हा मुळात तो देणाऱ्या देशावरचा विश्वास असतो. २०२० च्या जूनमध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी आपल्या अनेक वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचे संसदेत सांगितले. त्यानंतर व्हिएतनामने आपल्याकडील पाकिस्तानी वैमानिकांना उड्डाणापासून थांबवले. इतर देशांनीही तपासणी सुरू केली. ज्यांनी प्रामाणिकपणे परीक्षा दिली होती त्यांच्याकडेही संशयाने पाहिले गेले. परक्या देशात काम करणाऱ्याला आपल्या देशाच्या कारभाराचा भार असा सोबत न्यावा लागतो.

कोणत्या देशात काय परिस्थिती आहे?

आखात : एमिरेट्स, कतार एअरवेज, एतिहाद या कंपन्यांचे बहुतेक वैमानिक परदेशी नागरिक आहेत. स्थानिक लोकसंख्या थोडी आणि विमाने भरपूर, हे त्याचे कारण. म्हणून भारतीय पासपोर्टवर जाण्याचा हा सर्वांत खुला मार्ग आहे. पण या कंपन्या परदेशातून घेतात ते मुख्यतः अनुभवी वैमानिक, ज्यांनी मोठ्या जेट विमानांवर हजारो तास काढले आहेत. नुकताच परवाना मिळालेल्या मुलासाठी हे दार अजून लांब आहे.

अमेरिका : तिथे प्रवासी विमान कंपनीत को-पायलट व्हायलाही साधारणतः १५०० तासांचा अनुभव आणि एटीपी हा वरचा परवाना लागतो. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळले. त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून ही अट लागू झाली. त्यावर कंपन्या बहुधा ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांनाच घेतात. तिथे शिकायला एम-१ सारख्या विद्यार्थी व्हिसावर जाता येते. त्याआधी परदेशी विद्यार्थ्याची सुरक्षा तपासणी होते. पण तो व्हिसा शिकण्याचा आहे, विमान कंपनीत नोकरी करण्याचा नव्हे.

युरोप : युरोपीय संघाचा एक सामाईक परवाना आहे. भारतीय परवाना असला तरी तो मिळवायला १३ विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात, प्रत्येकी ७५ टक्के गुणांनी. त्यानंतर कंपनी विचारते : युरोपात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आहे का? ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून त्यांचा परवाना वेगळा झाला आहे. एक घेतला म्हणून दुसरीकडे चालत नाही.

आशियातील इतर देश : चीन, जपान, व्हिएतनाम येथील कंपन्यांनी तुटवड्याच्या काळात परदेशी वैमानिक करारावर घेतले आहेत. इथेही मागणी असते ती मुख्यतः अनुभवी कॅप्टनना.

आणि आपला भारत? आपल्याकडेही परदेशी वैमानिक आले आहेत. त्यांना डीजीसीए 'फाटा' नावाची तात्पुरती परवानगी देते. आपले वैमानिक तयार झाले की परदेशी कमी करायचे, हे आपल्या सरकारचे धोरण राहिले आहे. त्यासाठी मुदती दिल्या गेल्या, वाढवल्याही गेल्या. मुद्दा असा, की जो नियम आपण परक्यांना लावतो तोच इतर देश आपल्याला लावतात. परदेशी वैमानिक तुटवडा भरायला बोलावला जातो, आणि तुटवडा संपला की आधी त्याचाच करार तपासला जातो.

२०० तास आणि पुढची दरी

भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, वय १८ पूर्ण आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास स्वतः विमानाचा ताबा घेऊन. एक ३०० सागरी मैलांचे लांब उड्डाण, ज्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरावे लागते. रात्रीचे आणि केवळ उपकरणांवर विसंबून केलेले तास वेगळे. लेखी परीक्षेत नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमान नियम आणि तांत्रिक विषय असतात, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण हवेत. शिवाय रेडिओ टेलिफोनीचा परवाना. वरचा परवाना म्हणजे एटीपीएल. त्यासाठी वय २१ आणि १५०० तास लागतात.

आता हिशेब करा. प्रशिक्षण संपते २०० तासांवर. परदेशी कंपन्या विचारतात १५०० किंवा त्याहून बरेच अधिक, तेही मोठ्या विमानावर. मधले तास कुठून येणार? ते येतात भारतातल्या कंपनीत को-पायलट म्हणून काम करून, किंवा प्रशिक्षण संस्थेत शिक्षक होऊन. म्हणून परदेशी विमान कंपनीचा रस्ता बहुतेक भारतीयांसाठी भारतीय विमान कंपनीतूनच जातो. जो कोणी तुम्हाला ही मधली पायरी गाळून दाखवतो, त्याच्याकडे संशयाने पाहा.

परदेशात प्रशिक्षण घेणे चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. चांगले हवामान आणि भरपूर विमाने असलेल्या ठिकाणी तास लवकर पूर्ण होतात. पण परत आल्यावर डीजीसीएच्या लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी, उड्डाण चाचणी हे सगळे करून तो परवाना भारतीय करावा लागतो. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो, आणि एजंटच्या कोष्टकात हा खर्च बहुधा नसतो.

परका नागरिक म्हणून जगणे

समजा सगळे जुळले. कन्हेरीची एखादी मुलगी दहा वर्षांनी दोह्याहून लंडनला विमान नेते आहे. पगार चांगला आहे, कतारमध्ये पगारावर प्राप्तिकर नाही. तरी तिच्या पायाखालची जमीन कशी आहे हे पाहिले पाहिजे.

आखातात तिचा राहण्याचा हक्क साधारणपणे नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा. नवऱ्याचा व्हिसा, मुलांची शाळा, घराचा करार, सगळे त्याच एका दोरीला. तिथे वीस वर्षे काम केले म्हणून नागरिकत्व मिळेल असे नाही.

२०२० मध्ये कोरोनात विमाने जमिनीवर आली तेव्हा हे उघड झाले. आखातातल्या मोठ्या कंपन्यांनी वैमानिक कमी केले. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने ऑक्टोबर २०२० मध्ये हजारो नोकऱ्या कमी केल्या आणि कॅथे ड्रॅगन ही आपली कंपनीच बंद केली. ज्यांचा पासपोर्ट त्याच देशाचा होता ते बेरोजगार झाले. ज्यांचा परक्या देशाचा होता त्यांची नोकरी आणि मुक्काम दोन्ही गेले. मायदेशीही कंपनी बुडतेच. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. पण इथे निदान घर सोडून जा असे कुणी म्हणत नाही.

वैमानिकाची नोकरी शरीरावरही उभी असते. ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते. एक अहवाल बिघडला की उड्डाण बंद. म्हणून परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा आहे की नाही, तो कंपनी देते की आपण काढायचा, हे करारात पाहावे. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाली की आंतरराष्ट्रीय प्रवासी विमान चालवता येत नाही.

पुढे कुणाला तिथले नागरिकत्व मिळाले तर? आपल्या राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणारी व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही. नंतर ओसीआय कार्ड मिळते. त्यावर येता-राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण या गोष्टी आधी माहीत असाव्यात.

पैसा : इथेच घर पणाला लागते

भारतात सीपीएलचा खर्च साधारण ४० ते ६० लाख रुपयांच्या घरात जातो. त्यानंतर एअरबस किंवा बोइंगचे टाईप रेटिंग स्वतःच्या खर्चाने केले तर आणखी १५ ते २५ लाख. कन्हेरीतल्या अल्पभूधारकाच्या घरात हा आकडा उच्चारायलाही भीती वाटते. म्हणून आधी हक्काचे काय आहे ते पाहू.

अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजनेत व्यावसायिक वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम पहिल्या गटात नावानिशी आहे. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. मात्र आपली संस्था योजनेत बसते का आणि किती शुल्क मिळेल, हे प्रवेशाआधी समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिथे प्रवेश परीक्षेतून निवड होते आणि अनुसूचित जातींसाठी राखीव जागा असतात.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. विमान प्रशिक्षणाला त्या मिळतील असे सांगून कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे. कर्जासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळामार्फत राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. बँकेच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात.

कागदाचा मुद्दा आपल्यासाठी खास महत्त्वाचा आहे. १९९० मध्ये केंद्राने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या यादीचा लाभ दिला. पण राज्याच्या आणि केंद्राच्या दाखल्याचा नमुना वेगळा आहे. केंद्राच्या संस्थेत किंवा योजनेत राज्याचा दाखला पुढे केला की अर्ज अडकतो. दहावीनंतरच दोन्ही दाखले आणि जात पडताळणी उरकून ठेवा.

आणि तारणाचा मुद्दा. आपल्यापैकी अनेक घरांची जमीन महार वतनाची आहे. १९५८ च्या कायद्याने वतन गेले आणि जमीन नवीन शर्तीने परत मिळाली. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. घाईत विसारपावती करून किंवा कुलमुखत्यारपत्र देऊन पैसा उचलला तर शर्तभंग होतो, जमीनही जाते आणि पैसाही. परवाना दहा वर्षांनीही काढता येतो. गेलेली वतनाची जमीन परत येत नाही.

करारावर सही करण्याआधी

कंपनी टाईप रेटिंगचा खर्च करते तेव्हा काही वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड घेते. भारतात २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडण्यापूर्वी एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची सूचना द्यावी लागते. परदेशी कंपनीचे बोलावणे आले म्हणून दुसऱ्या दिवशी बॅग भरता येत नाही.

करार हा शब्द आपल्या इतिहासातही आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. ते करार पाळायला १९१७ मध्ये बडोद्याला गेलेही. पण जातीमुळे त्यांना तिथे राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडावी लागली. कराराच्या कागदावर नोकरी लिहिलेली होती, निवारा लिहिलेला नव्हता. परदेशी कंपनीचा करार वाचताना हे आठवावे : पगारासोबत राहण्याचा हक्क, कुटुंबाचा व्हिसा, नोकरी गेल्यास मिळणारी मुदत आणि परतीचे भाडे लिहिले आहे का?

आम्ही सुचवतो तो क्रम

एक, एक रुपयाही फी भरण्याआधी डीजीसीए मान्य डॉक्टरांकडून क्लास २ आणि नंतर क्लास १ वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यातला दोष किंवा हृदयाचा त्रास निघाला तर तो पैसे भरल्यावर कळू नये.

दोन, लेखी परीक्षांचा अभ्यास उड्डाणाआधी सुरू करा. तो घरी बसून होतो आणि त्यातून आपली चिकाटी आपल्यालाच कळते. भौतिकशास्त्र-गणित नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते विषय देता येतात.

तीन, इंग्रजी. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथ्या पातळीचे प्रमाणपत्र लागते. आपली मुले हुशार असून इथे दबतात. रोज बोलण्याचा सराव हाच त्यावर इलाज.

चार, संस्था निवडताना इमारत पाहू नका, विमाने मोजा. किती चालू स्थितीत आहेत, किती शिक्षक आहेत, मागच्या तुकडीला २०० तास पुरे व्हायला किती महिने लागले, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चारच दिवसांत प्रशिक्षण विमानांचे दोन अपघात झाले होते. सुरक्षेचा इतिहास विचारणे हा पालकांचा हक्क आहे. डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी लावायला सुरुवात केली आहे, तीही पाहा.

पाच, फी टप्प्याटप्प्याने, उडालेल्या तासांप्रमाणे आणि पावती घेऊनच भरा. एकरकमी भरण्याचा आग्रह असेल तर थांबा.

सहा, आधी भारतातल्या कंपनीत अनुभव घ्या. लॉगबुक खरे आणि नीटनेटके ठेवा. परदेशी कंपनी सर्वांत आधी तेच उलगडते. खोटा एक तासही आयुष्यभर मागे लागतो.

ज्यांचे हे जमणार नाही त्यांच्यासाठी विमानतळ बंद होत नाही. विमान दुरुस्तीचा अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक, केबिन क्रू, ग्राउंड स्टाफ अशी कितीतरी कामे याच क्षेत्रात आहेत. हवाई वाहतूक नियंत्रक तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेतून भरले जातात आणि तिथे आरक्षण आहे. ४० लाखांचे कर्ज न काढता विमानांच्या जगात जाण्याचा तो रस्ता आहे.

कार्यकर्त्यांनाही एक विनंती. गावात एखादी मुलगी किंवा मुलगा वैमानिक व्हायचे म्हणाला, तर त्याला हसू नका आणि फक्त टाळ्याही वाजवू नका. त्याच्यासोबत समाज कल्याण कार्यालयात जा, बँकेत बसा, कराराचे कागद वाचून घ्या. कन्हेरीच्या आकाशात विमाने रोज उडतात. त्यातल्या एखाद्यात आपल्या वस्तीतले लेकरू बसलेले असेल, तर खाली त्याच्या आईबापाचे घर आणि जमीन शाबूत असली पाहिजे.